हीटरची बायपास

आमच्या सासूबाईंची अट एकच होती. सकाळी सहाला आंघोळीला गरम पाणी पाहिजे. कोमट नाही, गरम. तेवढं मिळणार असेल तर त्या आमच्याबरोबर तळ्याकाठी आठ दिवस राहायला तयार होत्या, नाहीतर आपलं घर बरं, असं त्यांनी बायकोला फोनवर सांगून टाकलं. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत सासूबाई औषधाचं दुकान आणि बँक सोडून कुठेही गेल्या नव्हत्या. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आईला एकदा त्या घरातून बाहेर काढायचंय मला. गरम पाण्याचं तुम्ही बघा."

मी म्हटलं, त्यात काय बघायचंय. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे, त्या त्या वेळी नंतर काहीतरी फुटलेलं, जळलेलं किंवा शेजाऱ्यांकडून मागून आणावं लागलेलं आहे.

आठ दिवस राहायचं ते ट्रेलरमध्ये. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात, त्यांचा हा ट्रेलर. म्हणजे चाकांवरची एक लांबट खोली, मोटारीच्या मागे अडकवून ओढत न्यायची. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास-बाथरूम, सगळं असतं, फक्त प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाची तरी घडी उघडल्याशिवाय वापरता येत नाही. जेवायचं टेबल खाली दाबलं की त्याचा आमचा पलंग व्हायचा. मागचा खरा पलंग अर्थातच सासूबाईंना. ट्रेलरने जायचंय हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं की ट्रेलर एवढा आठ दिवसांचा, तर सिनेमा केवढा असेल.

ट्रेलर ताब्यात देताना डॉक्टरांनी मला त्याभोवती एक प्रदक्षिणा घालायला लावली. डॉक्टर मोजकं बोलतात. दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरल्यावर स्वतःचं उघडायचा त्यांना कंटाळा येत असावा. इथे वीज. इथे पाणी. ही दोन भोकं, वरचं टाकी भरायचं, खालचं नळ जोडायचं, गोंधळ नको. शेवटी मागच्या बाजूच्या पत्र्याच्या एका झाकणावर टिचकी मारून ते म्हणाले, "हीटर. बायपास केलेला आहे. थंडीमुळे करावं लागलं. वापरण्याआधी उघडा."

मी एकदम गंभीर झालो. बायपास हा शब्द आमच्या घरात आवाज उतरवूनच बोलला जातो. सासऱ्यांची झाली होती, माझ्या थोरल्या काकांची झाली होती, आणि आमच्या ऑफिसातल्या 'भ'वाल्यांची तर दोनदा झाली आहे. आता हीटरला कुठली बायपास, असं कोणी म्हणेल. पण आमचा फ्रिजवाला फ्रिजची किडनी गेली म्हणतो, स्कूटरवाला स्कूटरला चढावर धाप लागते म्हणतो, आणि इथे तर सांगणारा माणूस स्वतः डॉक्टर होता. मी म्हटलं, थंडीत हे त्रास वाढतातच. ते म्हणाले, "हो. नाहीतर फुटतं." मी विचारलं, नंतर काही तक्रार? ते म्हणाले, काही नाही, फक्त उघडायचं विसरू नका. मी त्यांना शब्द दिला की हवा खेळती ठेवीन, अजिबात ताण पडू देणार नाही. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण समोरून कोणीतरी सुजलेला गाल धरून येत होतं, त्यामुळे आमचं बोलणं तिथेच संपलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढे बायकोने ते सगळ्यांना सांगितलंच. मी शब्दकोशाच्या कार्यालयात आहे. गेली एकोणीस वर्षं मी 'ब' या अक्षरावर आहे. 'बायपास' हा शब्द मी स्वतः लिहिला आहे. पहिला अर्थ, हृदयावरची शस्त्रक्रिया. दुसरा अर्थ, वस्तीच्या बाहेरून काढलेला रस्ता. या नोंदीवर आजवर एकाही वाचकाची तक्रार आलेली नव्हती.

गुरुवारी दुपारी आम्ही तळ्याकाठच्या कॅम्पवर पोचलो. तिथे ओळीने जागा आखलेल्या होत्या आणि प्रत्येक जागेला एक विजेचा आणि एक नळाचा खांब होता. नळाला हात लावण्याआधी कार्यालयात अर्ज द्यायचा होता. तिथल्या बाईंनी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन माझा अर्ज वाचला, मग माझी नळी पाहिली. नळी हिरवी होती, आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची. त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं, 'नळजोडणीसाठी फक्त पिण्यायोग्य नळीच वापरावी.' मी त्यांना शांतपणे समजावलं की पिण्यायोग्य हे विशेषण पाण्याला लागतं, नळीला नाही, कारण नळी कोणी पीत नाही. त्यांनी तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पिऊ नका. पांढरी आणा." माझ्यामागे रांगेत उभे असलेले लोक उगाचच हसले.

पांढरी नळी मिळाली ती उजवीकडच्या शेजाऱ्यांकडून. हे गृहस्थ जहाजावर चीफ इंजिनिअर होते, निवृत्त झाले तरी अंगातून जहाज उतरलेलं नव्हतं. सगळे त्यांना चीफच म्हणत. त्यांनी नळीबरोबर पितळेचं एक बोंडही दिलं आणि इथल्या नळाला फार जोर आहे, हे मध्ये बसवलं नाहीत तर आतले सांधे सुटतील असं बजावलं. मग ते घडीची खुर्ची आणून आमच्या समोरच बसले. एखाद्या माणसाला पहिल्यांदाच करायचं काम जाणकाराच्या देखत करायला लावणं ही खरं तर शिक्षा म्हणून कायद्यात असायला हवी. मी 'बोंड' या शब्दाची व्युत्पत्ती त्यांना सांगून त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. त्या भरात नळी वरच्या भोकाला लावली. पाच मिनिटांत टाकी भरली आणि पाणी ट्रेलरच्या पोटाखालून वाहत चीफच्या खुर्चीपर्यंत गेलं. त्यांनी पाय वर उचलले. "खालचं भोक," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी पुढचं कापडी छप्पर उभं करताना दोरी बांधायला एक खुंटी कमी पडली. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली एक वीतभर सळई मला सापडली, एका टोकाला मोठं नटासारखं डोकं असलेली. डॉक्टरांच्या व्यवस्थितपणाचं कौतुक करत मी ती दगडाने जमिनीत ठोकली. मग हीटरचं विजेचं बटण चालू केलं, पण फक्त दहा मिनिटं. ऑपरेशन झालेल्याला पहिल्याच दिवशी कोणी पायऱ्या चढायला लावतं का? बायको म्हणाली, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, बरेच दिवस बंद असलेल्या वस्तूला येतोच. पुन्हा पहाटे साडेपाचला चालू करायचं ठरवून आम्ही झोपलो.

शुक्रवारी सकाळी सहाला सासूबाई टॉवेल घेऊन आत गेल्या. लाल खुणेचा नळ सोडला. आतून पाण्याचा आवाज आला आणि बंद झाला. दोन मिनिटांनी त्या कोरड्याच बाहेर आल्या, टॉवेलची घडी केली आणि बायकोला विचारलं की इथून परत जायला बस असते का. बस रोज एकच होती, सकाळी साडेनऊची. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच म्हणाल्या की एक दिवस वाट बघू, आणि जाऊन पायरीवर बसल्या.  बायकोने ब्रेडला लोणी लावताना सुरीचा जो आवाज केला तो मला पुरेसा होता.

त्या दिवशी मला सल्ला दिला नाही असा माणूस त्या कॅम्पवर उरला नसावा. डावीकडे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांचं म्हणणं पडलं की नळात हवा अडकलीय, सगळे नळ अर्धा तास सोडून ठेवा. मी ठेवले. वापरलेलं पाणी ट्रेलरच्या खालच्या एका टाकीत साठतं आणि त्या टाकीची झडप बंद होती, हे मला माहीत नव्हतं, आणि बँक मॅनेजरांना असायचं कारण नव्हतं. अर्ध्या तासाने बाथरूमच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं, आणि ते पाणी आदल्या दिवशी आम्ही भांडी घासलेलं होतं. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की हीटर नळजोडणीत येत नाही, ती खाजगी वस्तू आहे, तिच्यासाठी अर्ज नाही. मी विचारलं, अर्ज नाही म्हणजे उपाय नाही का? त्या म्हणाल्या की फलकावर तसं काही लिहिलेलं नाही.

शेवटी मी डॉक्टरांना फोन केला. ते कोणाच्या तरी अक्कलदाढेवर होते, मागून रोग्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, पाणी गरम होत नाही. त्यांनी विचारलं, "उघडलंत ना?" मी म्हटलं, सगळं उघडं आहे. खरंच होतं, एकूण एक खिडकी, छतावरची झडप आणि हीटरचं बाहेरचं झाकण मी कालपासून उघडं ठेवलं होतं. "मग व्हायला पाहिजे," असं म्हणून ते पुन्हा दाढेकडे वळले.

चीफकडे जाण्याचा मार्ग होता, पण तो माझ्या अभिमानावरून जात होता. शिवाय ते दर तासाला आमच्यासमोरून फेरी मारत आणि काही न विचारता हीटरच्या झाकणाकडे बघून पुढे जात. विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारणाऱ्या माणसाला आपण होऊन काय सांगणार?

शनिवारी मी साडेचारला उठलो. ट्रेलरच्या शेगडीला दोन जाळ होते. त्यावर एक किटली आणि एक पातेलं चढवलं. किटली उकळेपर्यंत पातेलं थंडच, पातेलं उकळेपर्यंत किटलीतलं पाणी बादलीत निवलेलं. सहा वाजता बादलीत चार मग पाणी जमलं होतं, तेही सासूबाईंच्या भाषेत कोमट. बादली उचलून बाथरूमकडे वळलो तो आमच्या पलंगाची न मिटलेली कड नडगीला लागली. चारातले अडीच मग बायकोच्या उशीवर गेले. सासूबाईंनी उरलेल्या दीड मगात तोंड धुतलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या रविवारीही बस असते ना?"

बायको ओली उशी घेऊन बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती उशी दोरीवर टाकत होती, पण चिमटा काही तिला लावता येत नव्हता. "ती एकदा परत गेली की पुन्हा नाही यायची," ती म्हणाली. "मला माहितीय तिचं. त्या घरात जाऊन बसेल आणि मग तशीच बसून राहील." मला त्या क्षणी स्वतःची खरोखरच लाज वाटली. बिचारीने एकच गोष्ट मागितली होती आणि मी दोन दिवस एका टाकीपुढे हवा खेळती ठेवत बसलो होतो. अभिमान गेला चुलीत, असं मनाशी म्हणून मी सरळ चीफच्या दारात जाऊन उभा राहिलो.

चीफ दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी खालच्या आवाजात म्हटलं, एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, हीटरची बायपास झालेली आहे, त्यामुळे मी त्याला फार ताण दिलेला नाही.

त्यांचा वस्तरा गालावरच थांबला. "बायपास आहे? अजून?"

"अहो, झाली ती झाली. परत थोडीच काढतात."

 चीफनी अर्ध्या गालावरचा फेस पुसला, मला हाताला धरून बाहेर आणलं आणि जमिनीवर काठीने एक चौकोन काढला. हा हीटर. पाणी इकडून येतं, आत तापतं, तिकडून नळाला जातं. कडक थंडीत आतलं पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून हिवाळ्यात ती रिकामी करतात आणि दोन खिट्ट्या फिरवून पाण्याला दुसरी वाट देतात. त्यांनी चौकोनाला वळसा घालणारी रेघ मारली. "पाणी बाहेरून जातंय. दोन दिवस तुमच्या हीटरने पाण्याचा थेंबही बघितलेला नाही."

बायको तोवर येऊन मागे उभी राहिली होती. तिने ती रेघ पाहिली. "वस्तीच्या बाहेरून काढलेला रस्ता," ती म्हणाली. "दोन नंबरचा अर्थ. तुम्हीच लिहिलाय ना?" आणि मग मी कुठे कामाला आहे, किती वर्षं आहे आणि कुठल्या अक्षरावर आहे, हे तिने चीफना आणि तोपर्यंत जमलेल्या बँक मॅनेजरांना सविस्तर सांगितलं. चीफनी ते सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. बँक मॅनेजर म्हणाले, हवा अडकलीय हे मी म्हटलंच होतं.

त्या खिट्ट्या होत्या सासूबाईंच्या पलंगाखाली, एका फळीमागे. तिथे शिरायला मीच बारीक होतो. जावयाने सासूच्या पलंगाखाली पोटावर सरपटत जाणं आणि सासूने वर मांडी घालून त्याला टॉर्च दाखवणं, हे नातं कुठल्याही कोशात बसणारं नाही. सासूबाईंनी मला इतकंच विचारलं की तिथे त्यांची एक चप्पल दिसतेय का. मी चप्पल बाहेर दिली आणि दोन्ही खिट्ट्या फिरवल्या. बाहेर येऊन, गुडघे झटकून, हीटरच्या झाकणापुढे वाकलो. ऑपरेशन उलटल्यावर आता त्याला कसं वाटतंय ते बघायचं होतं. त्याच वेळी चीफनी खांबावरचा नळ सोडला.

टाकीच्या तळाला एक भोक होतं. त्यातून मनगटाएवढी धार निघाली आणि सरळ माझ्या तोंडावर बसली. मी मागे पडलो. धार छपराच्या कापडावर गेली. चीफनी नळ बंद केला आणि विचारलं, "बूच कुठंय? तळाचं बूच? त्याला मागे लांब सळई असते, वीतभर. लोक हिवाळ्यात काढून कुठेतरी नीट ठेवतात."

 सगळ्यांच्या नजरा हळूहळू छपराच्या दोरीवरून खाली उतरत जमिनीत ठोकलेल्या त्या खुंटीवर जाऊन थांबल्या. मी चिखलातून उठलो, दोन्ही हातांनी खुंटी धरली आणि सगळा जोर लावून उपटली. ती आली. तिच्याबरोबर दोरीही आली, दोरीबरोबर खांब आला, आणि पाण्याने फुगलेलं छप्पर आतल्या पाण्यासकट माझ्यावर आणि बँक मॅनेजरांवर बसलं.

कापडाखालून मला आधी एक बारीक आवाज आला. मला वाटलं कोणाला तरी लागलंय. कापड बाजूला करून पाहतो तो सासूबाई ट्रेलरच्या दारात चौकटीला धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. पदराआड वगैरे नाही, चांगल्या तोंड उघडून. त्यांना थांबता येईना. त्या पायरीवर बसल्या, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाल्या. मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण बायको त्यांच्याशेजारी उभी राहून डोळे पुसत होती आणि ती हसत नव्हती. "दोन वर्षांनी," ती मला हळूच म्हणाली. माझ्या डोक्यावरून अजून पाणी निथळत होतं, पण मला एकदम बरं वाटलं.

बाकीचं काम चीफनी केलं आणि मी त्यांना हत्यारं दिली, तीही बहुतेक वेळा चुकीची. सळई थोडी वाकली होती, पण आटे शाबूत होते. ती घासूनपुसून बसवली. विजेवर तापायचा भाग रिकाम्या टाकीत चालवल्यामुळे गुरुवारीच जळाला होता, तो वास त्याचा. पण हा हीटर गॅसवरही चालत होता. टाकी भरली, लाल नळातून आधी हवा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ धार आली. चीफनी मला बटण दाबायला लावलं. आत टक टक झालं आणि झाकणाच्या जाळीतून निळी ज्योत दिसली. अर्ध्या तासाने मी नळाखाली बोट धरलं आणि ओरडून मागे घेतलं. चीफनी खुर्ची मिटली, नळी आठ दिवस राहू दे म्हणाले, आणि उरलेली अर्धी दाढी करायला गेले.

रविवारी मी सव्वापाचला ज्योत पेटवली आणि पावणेसहाला बादली भरायला लावली. बाथरूमचा आरसा वाफेने पांढरा झाला. मी स्वतः टॉवेल दांडीवर टाकला, साबण नव्या कागदातून काढला आणि सासूबाईंना सांगायला मागे गेलो. पलंग रिकामा होता. चादरीची घडी केलेली, आणि पलंगावर त्यांची पिशवी नव्हती.  बायकोला न उठवता मी तसाच बाहेर धावलो.

सासूबाई पायरीपासून दहा पावलांवर चीफच्या खुर्चीत बसल्या होत्या. पिशवी मांडीवर होती आणि केस ओले होते. बाहेरच्या खांबावरच्या नळाखाली त्यांची बादली उलटी ठेवलेली होती.

मी म्हटलं, पाणी तयार आहे, अगदी कडकडीत, सहा वाजताहेत, तुम्ही आज निघू नका.

"माझी पहाटेच झाली आंघोळ, तुम्ही झोपेत असताना," त्या म्हणाल्या. "मी गारच पाणी घेते. पहिल्यापासून."

 त्यांनी पिशवीतून कंगवा काढला आणि माझ्याकडे न बघता केस विंचरायला लागल्या.

"गरम ह्यांना लागायचं. ऑपरेशन झाल्यापासून सहाच्या ठोक्याला. अकरा वर्षं मी तापवून दिलं. ते गेले, त्यानंतर आमचा गीझर लावलाच नाही मी." कंगव्यात अडकलेले केस त्यांनी सोडवले. "मला यायचंच नव्हतं हो. लेकीला नाही म्हणवत नव्हतं. म्हटलं, गाडीत कुठलं आलंय गरम पाणी, तेवढं मागितलं की आपोआप सुटका होईल. तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. ती हिरवी नळी, ती ओली उशी, तो पलंगाखालचा अंधार. रागवावं की त्यांच्याजवळ बसावं ते कळेना, म्हणून मी बसलो.

"मग आता साडेनऊच्या बसचं काय?" मी विचारलं.

"त्या बसने येतेय ना ती. माझी धाकटी बहीण. काल फोनवर तिला सगळं सांगितलं, तुमचं खुंटीचं आणि बायपासचं. तिला खरंच वाटेना. म्हटलं, ये आणि बघ. आपण आहोतच अजून पाच दिवस." त्यांनी केस बांधले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण चेहरा कालच्यासारखाच होता. "तिला मात्र गरम पाणी लागतं हं. तुम्ही करणार असाल आंघोळ तर सगळं संपवू नका."

मी आत जाऊन आधी बायकोला उठवलं आणि तिची आई कुठेही जात नाही हे सांगितलं. तिने उठून पडदा सरकवला, बाहेर खुर्चीत बसलेल्या आईकडे कितीतरी वेळ बघितलं, आणि मला आधी आंघोळ करून या म्हणाली, कारण गुरुवारपासून मी केलेली नव्हती. मी दोन मग पाण्यात भागवलं.

मावशींना घ्यायला साडेनऊला मी स्वतः गेलो. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात धरायला त्यांची पिशवी मागेन असं ठरवून ठेवलेलं. बस थांबली. मावशी दारात आल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, नमस्कारासाठी हात जोडले, आणि काही बोलण्याआधीच त्यांना हसू फुटलं.